हिरवी तार

माझी बायको रुखमा गेली त्या दिवशी मी मिलमध्ये होतो. आमच्या राइस मिलमध्ये धान उकडायची टाकी आहे. वाफ सोडली की तिथे फोनची घंटी ऐकू येत नाही. मुनीम जिना उतरून खाली आला आणि त्याने माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं. तो एरवी कोणाच्या हातातलं काही घेत नाही.

"परसरामभाऊ, तुमचे साळे दवाखान्यात आहेत. तुमाले बलावून राहिले," तो म्हणाला.

मला वाटलं, अंकुशलाच काही झालं. अंकुश म्हणजे रुखमाचा लहान भाऊ. मुनिमाच्या स्कूटरवर मागे बसून मी रुखमाला फोन लावत राहिलो. तुझ्या भावाला दवाखान्यात आणलंय, काम टाकून ये, हे तिला सांगायचं होतं. फोन वाजत होता, पण ती उचलत नव्हती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात अंकुश धडधाकट उभा होता. रुखमाचा फोन त्याच्या शर्टाच्या खिशात वाजत होता.

"भाऊजी," तो म्हणाला, "ताईले अटॅक आला."

आत ती स्ट्रेचरवर होती. तिच्या साडीचा काठ ओला होता आणि हाताला साबणाच्या पावडरचा वास होता. चेहऱ्यावर त्रास झाल्यासारखं काही दिसत नव्हतं. डॉक्टरने विचारलं, आधी काही दुखणं होतं का? मी तोंड उघडायच्या आत अंकुश बोलला, "बीपी होता सर. सकाळपासून छातीत दुखते म्हणत होती." मला ती सकाळी तसं काही म्हणाली नव्हती. मला वाटलं, भावाला सांगितलं असेल. बायका काही गोष्टी माहेरच्या माणसाला सांगतात.

मग पोस्टमॉर्टेमचा विषय निघाला. अंकुशने मला बाजूला नेलं. माझे दोन्ही हात त्याच्या हातात होते.

"चिरफाड कायले करता भाऊजी? गेली ते गेली. रीना नागपूरवरून येऊन राहिली. तिले तिची माय फाडलेली दाखवता काय?"

रीना आमची एकुलती एक मुलगी, नर्सिंग शिकते. मी नको म्हणालो. कागदावर सही केली. त्या दिवशी मला अंकुशसारखा आधार दुसरा नव्हता.

ज्या साली गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या साली आमचं लग्न झालं. रुखमा करडी गावची. तिच्या घरी धानाची थोडी शेती, माझ्या घरी ती पण नाही. तुमसरला आल्यावर ती बरीच वर्षं लोकांच्या घरी धुणीभांडी करत होती. ते तिला आवडत नव्हतं, पण ती बोलून दाखवायची नाही. मग बचत गटाच्या बायकांसोबत ती नागपूरला एका ट्रेनिंगला गेली आणि तिथे तिने गालिचे धुवायची मशीन पाहिली. घरी आल्यावर जेवणसुद्धा धड केलं नाही, मशीनचंच सांगत बसली.

"त्याच्यात गरम पाणी टाकाचं, पावडर टाकाची. एका नळीनं गालिच्यावर पाणी मारते अन् त्याच नळीनं वापस ओढून घेते. गालिचा उचलाचं काम नाही. बसल्या जागी साफ."

"तुमसरात गालिचे कोणाकडं आहेत?" मी विचारलं.

"तुमी कोणाच्या बैठकीत गेले कवा? मी गेली ना झाडू घेऊन. मले माहीत आहे कोणाकडं काय अंथरलं आहे ते."

मशीन अंकुशने शोधून दिली. त्याचं करडीला मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. धानाच्या शेतीचे पंप तो दुरुस्त करतो. नागपूरच्या कुठल्या तरी हॉटेलने काढून टाकलेली जुनी मशीन त्याने आणली, खोलली, बसवली. निळी टाकी, स्टीलचा दांडा, खाली ब्रश. तिची लांब काळी केबल गुंडाळून बांधायला रुखमाने आपल्या जुन्या लाल साडीचा काठ फाडून लावला होता.

काम चाललं. दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत तिला घरी बसायला वेळ नसायचा. अंकुश आपल्या छोट्या गाडीत मशीन टाकून तिला सोडून द्यायचा आणि संध्याकाळी आणायचा. काम झालं की रुखमा ओढून घेतलेलं काळं पाणी बादलीत काढून घरच्या बाईला दाखवायची. "मोठमोठ्या घरच्या बाया त्या बादलीकडं पाहून लाजतेत," ती हसत सांगायची. "म्हणतेत, आमी तं रोज झाडतो हो. मी म्हणते, झाडता ना बाई, वरवरून."

एकदा म्हणाली, "पहिले मी ज्या गालिच्याच्या कडेकडेनं चालत होती, आता त्याच्या मधोमध चालते." हे ती हसून नाही म्हणाली.

ती गेली त्या दिवशी तिचं काम आनंदाबाईंच्या घरी होतं. मधुकरराव आणि आनंदाबाई, दोघं मूळचे बपेराकडचे शेतकरी. तुमसरला बंगला बांधून राहतात. त्यांच्या मुलाचं, भुपेंद्रचं लग्न जुळलं होतं, मुलीकडचे लोक येणार होते, म्हणून बैठकीतला मोठा गालिचा धुवायला काढला होता.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला, तिच्या स्मरणाच्या दिवशी, अंकुशने सगळं केलं. मंडप, खुर्च्या, भंतेजींना आणणं, जेवण. रुखमाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावताना तो एवढा रडला की रीनाने आपलं रडणं थांबवून त्याला पाणी दिलं. सगळे गेल्यावर त्याने मशीन घरात आणून ठेवली. धुऊनपुसून चकचकीत केली होती.

"ताईची निशाणी आहे. राहू द्या तुमच्याजवळ," तो म्हणाला.

रीनाने तिच्यावर आईची ओढणी टाकली आणि मशीन खिडकीजवळ उभी केली. घरात कोणी उभं असल्यासारखं वाटायचं. मी ड्युटीवरून आलो की तिच्याकडे पाहत बसायचो.

पुढे उन्हाळ्यात आनंदाबाई बाजारात भेटल्या. इकडचं तिकडचं बोलल्या, भुपेंद्रचं लग्न पार पडल्याचं सांगितलं. मग म्हणाल्या, "परसरामभाऊ, राग नका मानू. तो गालिचा तसाच आहे हो. अर्धा. पाहुणे आले तं आमी त्याच्यावर दिवाण सरकवला. कोण्या दुसऱ्याले बलवाले मन नाही होत."

"मी येतो," मी म्हणालो.

तिने घेतलेलं काम होतं. अर्ध्यावर टाकलेलं तिला चाललं नसतं. मशीन कशी चालवायची ते मला माहीत होतं. घरी एकदा तिने मला आमच्या सतरंजीवर शिकवलं होतं आणि माझ्या हातून अख्खी खोली ओली झाल्यावर "तुमी धानच उकडा" म्हणाली होती.

सुट्टीच्या दिवशी ऑटोत मशीन टाकून गेलो. आनंदाबाईंनी सुनेला, मेघाला, सांगून दिवाण सरकवला. गालिचा मरून रंगाचा, वेलबुट्टीचा. एका बाजूने तो नव्यासारखा लाल होता आणि दुसऱ्या बाजूने काळपट. मध्ये सरळ रेघ होती. ब्रशच्या रुंदीचे पट्टे एकाला एक लागून आले होते, आणि शेवटचा पट्टा मध्येच थांबला होता. तिचा हात तिथे थांबला होता.

मी चप्पल दाराबाहेरच काढली होती. गरम पाणी भरलं, पावडर टाकली, पिन भिंतीतल्या मोठ्या बोर्डात लावली आणि बटन दाबलं. खट्ट करून अख्ख्या घराची लाइन गेली. कूलर थांबला.

मेघाने मीटरजवळ जाऊन एमसीबी वर केली. मी पुन्हा बटन दाबलं. पुन्हा लाइन गेली.

"पहिलेही असंच होत होतं," आनंदाबाई आतून म्हणाल्या. "रुखमा मागच्या खेपेले आली तवा चारदा लाइन गेली. आमचे हे बोंबलले. मंग तिनं भावाले बलावलं. त्यानं काहीतरी केलं. तवापासून नाही गेली."

"काय केलं त्यानं?"

"मले काय समजते त्याच्यातलं? पिन खोलली, पक्कडनं काहीतरी तोडलं. म्हणे, आता नाही जाणार लाइन."

मी खाली बसलो. तेव्हा माझं केबलकडे लक्ष गेलं. ती काळी नव्हती, पांढरी होती. नवीकोरी. लाल काठही नव्हता. एवढे दिवस ओढणीखाली मशीन माझ्या घरात होती आणि मी हे पाहिलं नव्हतं.

मेघाकडून पेचकस मागून मी पिन खोलली. आत तिन्ही तारा नीट बसवल्या होत्या. लाल, काळी आणि हिरवी. मिलमध्ये काम करणाऱ्याला हिरवी तार शिकवावी लागत नाही. आमचा वायरमन केवळराम ज्याच्या त्याच्यावर ओरडतो, अर्थिंग तोडू नका रे. मशीनमध्ये करंट उतरला तर तो हिरव्या तारेने जमिनीत जातो आणि लाइन बंद पडते. लाइन बंद पडते म्हणजे माणूस वाचतो. हिरवी तार तोडली की लाइन बंद पडत नाही. करंट मशीनच्या दांड्यातच राहतो आणि कोणी हात लावायची वाट पाहतो.

शेतात ही तार कोणी लावत नाही. आमच्याकडे धानाच्या बांधावर जेवढे पंप आहेत त्यांची हिरवी तार तोडून मागे वळवलेली असते. मोटर वारंवार बंद पडते म्हणून शेतकरी कटकट करतात, म्हणून दुकानदार तोडून देतात. अंकुशने आयुष्यभर तेच केलं होतं. त्याने बैठकीतल्या मशीनलाही शेतातल्या पंपासारखंच धरलं.

"तिचे हात झिणझिणत होते काय?" मी आनंदाबाईंना विचारलं.

त्यांनी पदर सावरला. "झिणझिणत होते ना. गेली त्याच दिवशी फोन केला होता तिनं भावाले, माझ्यासमोर. म्हणे, दांड्याले हात लावला तं मुंग्या येऊन राहिल्या. तो म्हणे, रबरी चप्पल घालून काम कर, काही होत नाही. मीही म्हटलं, घाल बाई चप्पल. तं म्हणाली, काकू, तुमच्या गालिच्यावर मी चप्पल घालून चालू काय?"

मी माझ्या पायांकडे पाहिलं. त्याच गालिच्यावर मी पण अनवाणीच होतो.

"हे तुमी मले कवा सांगितलं नाही," मी म्हणालो.

"अंकुश म्हणाला अटॅक आहे. डॉक्टरही तेच म्हणाले. आमच्या घरी लगन होतं, भाऊ." त्या खाली पाहत होत्या. "आमचे हे म्हणाले, त्याइच्या घरचे लोक जे म्हणतेत ते खरं."

मी टाकीतलं पाणी मोरीत ओतलं आणि मशीन घेऊन निघालो. मेघाने दिवाण परत जागेवर सरकवला.

दुसऱ्या दिवशी बसने करडीला गेलो. अंकुशच्या दुकानात दोन शेतकरी पंप घेऊन बसले होते. मला पाहून तो उठला, स्टूल पुसला, चहा सांगितला.

"या भाऊजी. फोन तं कराचा, मी गाडी घेऊन आलो असतो."

माझं लक्ष त्याच्या मागच्या भिंतीकडे होतं. तिथे खिळ्यांना जुन्या केबल टांगल्या होत्या. त्यातल्या एका काळ्या गुंडाळीवर लाल काठ बांधलेला होता. रुखमाची गाठ होती. ती नेहमी दोन वेळा फिरवून, टोक आत खोचायची.

मी ती गुंडाळी काढली. टोकाला लाल आणि काळी तार सोललेली होती. हिरवी आखूड तोडून मागे वळवली होती आणि तिच्यावर चिकटपट्टी होती.

अंकुशने शेतकऱ्यांना संध्याकाळी यायला सांगितलं. ते गेल्यावर तो म्हणाला, "मी तिले सांगतलं होतं, चप्पल घाल."

त्याने आधी हेच सांगितलं. मी अजून काही विचारलंही नव्हतं.

"कोणाच्या बैठकीत आपली बाई चप्पल घालून गेली आजवर?" मी म्हणालो. " तुह्या घरी तं तू मले उंबरठ्यावर चप्पल काढाले लावतोस."

"लाइन जात होती भाऊजी. ते मधुकरराव तिले वाटेल तसं बोलत होते. ताईच म्हणाली, काहीतरी कर, नाही तं हे घर हातचं जाते. मी तिच्यासाठीच केलं."

"अन् केबल कोणासाठी बदलली?"

तो टेबलावरच्या तारा आवरायला लागला.

"छातीत दुखते म्हणाली होती सकाळी, असं सांगतलं तू डॉक्टरले. म्हणाली होती काय?"

"भाऊजी, मी तिले आणाले गेलो तं बैठकीत ती एकटीच पडली होती. हातात दांडा होता तिच्या. मी पिन काढली. मंग मले काही सुचलं नाही. पोलिस आले असते. दुकान गेलं असतं, माही पोरं…" तो रडू लागला. फोटोपुढे रडला होता तसाच. "ती वापस येणार होती काय चिरफाड करून?"

"मले तं समजलं असतं ना."

"समजून काय केलं असतं?"

काय करायचं ते मी ठरवलं असतं. मला काही न समजू देता माझ्याकडून सही करून घ्यायचा हक्क त्याला कोणी दिला नव्हता. त्या दिवशी त्याने माझे हात हातात घेतले होते. मी त्याला आधार समजलो होतो. माझ्या बायकोला जाळायची घाई त्याला होती आणि ती घाई त्याने माझ्या तोंडून बोलून घेतली. मशीन निशाणी म्हणून माझ्याच घरात आणून ठेवली. हिरवी तार जोडलेली मशीन माझ्या घरात असली की तोडलेल्या तारेचा विषय कोण काढणार?

मी त्याला एकच गोष्ट सांगितली. "पोलिसाकडं नाही जात मी. पण रीनाले तू सांग. तुह्या तोंडानं. तिची माय कशी गेली हे तिले समजलं पाहिजे, अन् ते माह्याकडून नाही, तुह्याकडून."

"सांगतो भाऊजी. शपथ."

"शपथ नको. सांग."

काळी केबल मी बाजूला ठेवली होती, सोबत नेणार होतो. तो म्हणाला, "राहू द्या इथं, मी येईन तवा घेऊन येतो. तिलेही दाखवतो." तो रडत होता. मी ठेवून आलो.

रीना सुट्टीला घरी आली. मी अंकुशला फोन करून कळवलं. उद्या येतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी माझी मिलमध्ये दिवसपाळी होती. संध्याकाळी घरी आलो तर खिडकीजवळची जागा मोकळी होती. ओढणी घडी करून खाटेवर ठेवली होती.

"मामा आले होते," रीना म्हणाली. ती भाजी चिरत होती. "मशीन घेऊन गेले."

"तू देली?"

"हो. तुमी तिच्याकडं पाहत बसता म्हणे, जेवत नाही म्हणे. मामा म्हणाले, घरात ठेवणं बरं नाही. त्याइनं ती खोलून भंगारात टाकून देतो म्हटलं. बरं झालं बाबा. मलेही पाहवत नव्हती."

"अजून काही बोलला?"

"काय बोलणार? रडत होते." तिने सुरी खाली ठेवली. "बाबा, एक बोलू? मामांना तुमची काळजी आहे. ते म्हणाले, तुमच्या डोक्यात काही काही येते आजकाल. आई कशी गेली याच्यावर तुमी कोणालेही दोष देता. आनंदाबाईंच्या घरी जाऊनही काही बोलले म्हणे. मामा म्हणे, तुह्या बाबाले सांभाळ, त्याइचं मन ठिकाणावर नाही."

मी हातपाय धुवायला गेलो. नळ चालू ठेवून बराच वेळ उभा राहिलो.

बाहेर आलो तेव्हा तिने ताट वाढलं होतं. मी म्हणालो, "रीना, तुह्या मायले अटॅक नव्हता आला."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. दवाखान्यात पेशंटकडे पाहतात तसं. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "पहिले जेवा बाबा. मंग बोलू."

मी जेवलो. जेवताना मला वाटत होतं, केबल तरी आणायची होती त्या दिवशी. आता तीही कुठल्या तरी भट्टीत गेली असेल. जेवण झाल्यावर रीनाने बोलायचा विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. दुसऱ्या दिवशी ती नागपूरला गेली. जाताना बसस्टँडवर तिने मामाला फोन केला, बाबांकडे लक्ष ठेवा म्हणून. माझ्यासमोरच केला.

अंकुश अजूनही फोन करतो. जेवले काय भाऊजी, असं विचारतो. मी हो म्हणतो आणि ठेवून देतो.

रुखमाचं भावाशी फोनवरचं बोलणं त्या दिवशी ऐकलेलं एकच माणूस आहे, आनंदाबाई. त्यांनी रीनाला येऊन सांगावं, असं मी त्यांना अजून म्हटलेलं नाही. रीनाला तिची आई कशी गेली ते माहीत नाही. आणि आनंदाबाईंच्या बैठकीतला गालिचा अर्धा धुवायचा राहिला आहे.